पॅनेल बदललं तरी दुखणं तेच: घरच्या वेब सर्व्हरवर वारंवार येणाऱ्या अडचणी

लक्षणं साधारण अशी असतात. घरच्या मशीनवर लिनक्स टाकलं, त्यावर एखादं कंट्रोल पॅनेल (ब्राउझरमधून साइट आणि सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर) चढवलं, साइट सुरू झाली. काही आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट रिन्यू होत नाही, किंवा डेटाबेस आपोआप बंद पडतो, किंवा साइट घरातून दिसते पण बाहेरून उघडत नाही. पॅनेलच खराब आहे असं ठरवून मशीन पुसलं जातं, दुसरं पॅनेल येतं आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यातल्या बहुतेक अडचणी पॅनेलच्या नसतातच. सीपॅनेल, प्लेस्क, हेस्टिया, व्हर्च्युअलमिन ही सगळी डेटा सेंटरमधलं मशीन डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहेत. तिथे नेटवर्क कार्डावरच कायमचा सार्वजनिक आयपी असतो, सगळे पोर्ट (मशीनवर येण्याच्या क्रमांकित वाटा) मोकळे असतात, ऑपरेटिंग सिस्टिम कोरी असते आणि त्या मशीनवर दुसरं काही चालत नसतं. घरी यातली एकही गोष्ट धड लागू पडत नाही. म्हणून आधी घरची जोडणी आणि मशीन तपासायचं, मग पॅनेल निवडायचं. क्रम उलटा झाला की नवीन पॅनेलवर तीच अडचण फक्त वेगळ्या शब्दांत दिसते.

बाहेरून पोचता येतं का

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) दिसतो तो लिहून घ्या. मग त्याच नेटवर्कवरून तुमचा आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे जुळले तर पुढे चला. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते आहे. २०१२ साली आरएफसी ६५९८ ने हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवला. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा (म्हणजे बाहेरून आलेलं घरच्या मशीनकडे वळवा), बाहेरचं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, आणि हे कुठल्याही पॅनेलच्या हातात नाही. कंपनीकडून सार्वजनिक आयपी मागून घ्या. तो मिळत नसेल तर क्लाउडफ्लेअर टनेलसारखी आतून बाहेर जोडणी उघडणारी सोय वापरा, किंवा बाहेर छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेऊन वायरगार्ड या व्हीपीएनने तिथलं ट्रॅफिक घरी आणा.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा दोन राउटर एकामागे एक लागलेले आहेत. कंपनीच्या बाजूच्या राउटरला ब्रिज मोडमध्ये (जोडणी नुसती पुढे देणारा) टाका, नाहीतर दोन्हीकडे फॉरवर्डिंग करावं लागेल. १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता असेल तर दोन्ही शक्यता असतात. कंपनीला विचारूनच खात्री करा.

पोर्ट ८० आणि ४४३ तपासताना फोनचं वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावरून साइट उघडा. घरातल्याच नेटवर्कवरून केलेली चाचणी दोन्ही बाजूंनी फसवते. अनेक राउटर हेअरपिन नॅट करत नाहीत, म्हणजे आतून स्वतःच्याच सार्वजनिक आयपीवर गेलेलं पॅकेट परत आत वळवत नाहीत. मग साइट जगाला दिसते, फक्त घरात दिसत नाही, आणि लोक पॅनेलच्या सेटिंग्जमध्ये तासन् तास घालवतात. घरात स्वतःचा डीएनएस सर्व्हर (डोमेनच्या नावाचा आयपी सांगणारा) असेल तर त्यात डोमेनसमोर मशीनचा आतला आयपी टाका. नसेल तर संगणकाच्या होस्ट्स फाईलमध्ये (नाव आणि आयपीच्या जोड्यांची यादी) एक ओळ पुरते.

सर्टिफिकेट अडलं की निरोप नीट वाचा

जवळजवळ सगळी फुकट पॅनेलं लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून सर्टिफिकेट घेतात. पॅनेल त्यावर फक्त "एसएसएल मिळालं नाही" असं लाल अक्षरात दाखवतं, पण लॉगमध्ये मूळ निरोप असतो आणि तो बराच बोलका असतो.

"टाइमआउट" आलं असेल तर पॅकेट तुमच्यापर्यंत पोचलंच नाही: सीजी-नॅट, कंपनीने पोर्ट ८० बंद ठेवलेला, किंवा फॉरवर्डिंगच नाही. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर पॅकेट कुठल्यातरी मशीनपर्यंत पोचलं, पण तिथे त्या पोर्टवर कोणी ऐकत नव्हतं. वेब सर्व्हर बंद आहे किंवा फॉरवर्डिंग चुकीच्या आतल्या आयपीकडे जातं आहे. आणि "४०४" किंवा "इनव्हॅलिड रिस्पॉन्स" आलं तर पॅकेट कुठल्यातरी वेब सर्व्हरपर्यंत पोचलं, उत्तर मात्र भलत्याच साइटने दिलं. कधी ती पॅनेलची डीफॉल्ट साइट असते, कधी राउटरचं स्वतःचं अ‍ॅडमिन पान. या तीन निरोपांतला फरक कळला की निम्मं काम तिथेच संपतं.

डोमेन तुमच्याच ताब्यात आहे हे तपासणारी एचटीटीपी-०१ ही पडताळणी नेहमी पोर्ट ८० वरच सुरू होते, दुसरा कुठलाही पोर्ट चालत नाही. सर्टिफिकेट मिळाल्यावर "आता सगळं एचटीटीपीएसवर आहे" म्हणून राउटरमध्ये ८० बंद करणं, हे "दोन महिन्यांनी बिघडलं" या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि बहुतेक पॅनेलं मुदतीच्या सुमारे ३० दिवस आधी रिन्यू करायला जातात, म्हणून बिघाड साठाव्या दिवसाच्या आसपास सुरू होतो आणि नव्वदाव्या दिवशी डोळ्यांना दिसतो. ८० उघडा ठेवा आणि त्यावरून ४४३ कडे रीडायरेक्ट द्या. पडताळणी रीडायरेक्टच्या मागे जाते.

आणखी दोन कारणं सहसा कोणी तपासत नाही. डोमेनला एएएए रेकॉर्ड (डीएनएसमधली आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) असेल तर लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६ वरून येतं. घरचा आयपीव्ही६ प्रीफिक्स बदललेला असतो किंवा राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल आत येणारी जोडणी अडवते, आणि आयपीव्ही४ वर सगळं ठीक असूनही पडताळणी फसू शकते. आयपीव्ही६ मुद्दाम वापरत नसाल तर एएएए रेकॉर्ड काढून टाका. दुसरं कारण देशानुसार ब्लॉक करणारी फायरवॉल. पडताळणी एकाच वेळी जगातल्या अनेक ठिकाणांहून होते, त्यामुळे फक्त आपल्या देशाला परवानगी दिली असेल तर ती अपुरी पडते.

निरोप न वाचता बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. एकाच नावासाठी तासाभरात ५ पडताळण्या फसल्या की पुढच्या थोपवल्या जातात, आणि नावांचा तोच संच असलेलं सर्टिफिकेट आठवड्यात ५ वेळाच मिळतं. दर दोन दिवसांनी मशीन पुसून नवीन पॅनेल टाकणारे हमखास या मर्यादेवर आदळतात. शिवाय मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केलं आहे, तेव्हा मुदतीवर लक्ष ठेवणारं एखादं साधन, उदाहरणार्थ अपटाइम कुमा, स्वतःच लावून ठेवा.

मशीनचा आतला पत्ता हलला की

काही पॅनेलं प्रत्येक साइटच्या कॉन्फिगमध्ये मशीनचा आयपी थेट लिहितात. घरी तो आयपी राउटरचं डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) देतं. वीज गेली, राउटर आणि सर्व्हर वेगळ्या क्रमाने सुरू झाले, मशीनला १९२.१६८.१.१० ऐवजी १९२.१६८.१.१४ मिळाला, की वेब सर्व्हर सुरू होत नाही किंवा सगळ्या डोमेनवर एकच डीफॉल्ट पान दिसायला लागतं. फॉरवर्डिंगही अर्थातच जुन्या पत्त्याकडे जात राहतं. राउटरमध्ये मशीनच्या मॅक पत्त्याला आयपी राखून ठेवा आणि हे पॅनेल टाकण्याआधी करा, नंतर नाही.

बाहेरच्या पत्त्याचं दुखणं वेगळं. पॅनेल स्वतः डीएनएस झोन बनवत असेल तर त्यात आतला आयपी लिहून टाकतं आणि जगाला १९२.१६८ चा पत्ता मिळतो. हेस्टियात आयपीच्या पानावर नॅट आयपीसाठी वेगळा रकाना आहे. व्हर्च्युअलमिनच्या कॉन्फिगरेशनमध्ये डीएनएस रेकॉर्डसाठी बाहेरचा पत्ता वेगळा देता येतो. सीपॅनेलमध्ये नॅटची जुळणी करणारी बिल्ड-सीपीनॅट ही स्क्रिप्ट आहे. पण आमचं स्पष्ट मत असं की घरच्या मशीनवर डीएनएस सर्व्हर चालवूच नये. दोन नेमसर्व्हर एकाच घरच्या आयपीवर ठेवण्याला अर्थ नाही, आणि तो आयपी बदलला की डोमेनचं सगळंच बंद पडतं. डीएनएस रजिस्ट्रारकडे किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेकडे ठेवा आणि आयपी बदलला की तिथला रेकॉर्ड बदलणारा डायनॅमिक डीएनएसचा छोटा प्रोग्रॅम राउटरवर किंवा मशीनवर चालू ठेवा. रेकॉर्डचा टीटीएल (इतरांनी तो किती वेळ लक्षात ठेवायचा ते) ३०० सेकंद पुरे.

एका पोर्टवर एकच मालक

पॅनेलचा इन्स्टॉलर अर्ध्यात मरतो किंवा एनजिनएक्स सुरूच होत नाही, तेव्हा एसएस कमांड टी, एल, एन, पी हे चार पर्याय देऊन सुडोसह चालवा. कुठला पोर्ट कोणत्या प्रोग्रॅमने धरला आहे ते नावानिशी दिसतं. घरच्या मशीनवर ८० आणि ४४३ आधीच कोणीतरी बळकावलेले असतात: कासाओएसचा डॅशबोर्ड, एनजिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर, पाय-होलचं पान, कधी डिस्ट्रिब्युशनसोबत आलेलं अपाचे. उबुंटूवर पोर्ट ५३ सिस्टमडी-रिझॉल्व्हडने १२७.०.०.५३ या पत्त्यावर धरलेला असतो.

पॅनेलांचे स्वतःचे पोर्ट माहीत असावेत, कारण भांडणं इथेही होतात. वेबमिन आणि व्हर्च्युअलमिन १००००, हेस्टिया ८०८३, सायबरपॅनेल ८०९०, आयएसपीकॉन्फिग ८०८०, प्लेस्क आणि क्लाउडपॅनेल दोन्ही ८४४३, कॉकपिट ९०९०, डायरेक्टअ‍ॅडमिन २२२२, सीपॅनेल २०८३ आणि त्याचं डब्ल्यूएचएम २०८७. युनिफाय कंट्रोलर त्याच मशीनवर असेल तर तो ८४४३ आणि ८०८० दोन्ही वापरतो, म्हणजे प्लेस्क, क्लाउडपॅनेल आणि आयएसपीकॉन्फिग तिघांशी त्याचं भांडण.

क्लाउडफ्लेअरच्या नारंगी ढगातून (म्हणजे त्यांच्या प्रॉक्सीतून) एचटीटीपीएससाठी फक्त ४४३, २०५३, २०८३, २०८७, २०९६ आणि ८४४३ हे पोर्ट जातात. हेस्टियाचा ८०८३ किंवा वेबमिनचा १०००० त्यातून उघडणार नाही, आणि उघडत नाही म्हणून पॅनेल पुन्हा टाकण्याची गरज नाही. त्याच सेवेत एसएसएल "फ्लेक्सिबल" वर ठेवलं आणि सर्व्हरने ८० वरून ४४३ कडे रीडायरेक्ट केलं की साइट गोल गोल फिरते आणि ब्राउझर "टू मेनी रीडायरेक्ट्स" म्हणतो. "फुल स्ट्रिक्ट" करा, लगेच थांबेल.

डेटाबेस बंद का पडतो

वर्डप्रेसवर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचं पान आलं, मशीन रीस्टार्ट केलं, पुन्हा ठीक झालं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. इथे पहिला संशय मेमरीवर घ्या. मशीन रीस्टार्ट करण्याआधी जर्नलसीटीएलला के पर्याय देऊन कर्नलचा लॉग बघा आणि त्यात "आउट ऑफ मेमरी" शोधा. त्याच ओळीत कुठली प्रोसेस मारली तिचं नाव असतं. मारियाडीबी दिसलं तर निदान झालं. मेमरी संपली की कर्नल ढोबळमानाने सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो, आणि छोट्या मशीनवर ती बहुतेक वेळा डेटाबेसचीच असते. खरा खादाड मात्र वेगळाच असतो.

तो बहुतेक वेळा क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस. व्हायरसच्या सह्यांची यादी तो पूर्ण मेमरीत ठेवतो आणि एकटाच १ जीबीच्या वर जातो. यादी अपडेट झाली की जुनी आणि नवी दोन्ही काही क्षण एकत्र मेमरीत असतात, म्हणजे गरज जवळजवळ दुप्पट. २ जीबी रॅमच्या मशीनवर हा क्षण आला की कोणीतरी मरणारच, आणि अपडेट आपापल्या वेळेने होत असल्यामुळे बिघाड "अधूनमधून, कारण नसताना" येतो असं वाटतं. मेल चालवत नसाल तर क्लॅमएव्ही काढून टाका. चालवत असाल आणि रॅम कमी असेल तर क्लॅमडीच्या कॉन्फिगमध्ये "कॉन्करंट डेटाबेस रीलोड" हा पर्याय "नो" करा. अपडेटच्या वेळी स्कॅनिंग थोडं थांबेल, पण मेमरी दुप्पट होणार नाही.

दुसरा खादाड पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीच्या प्रोसेस चालवणारा प्रोग्रॅम. पॅनेल प्रत्येक डोमेनला वेगळा पूल देतं आणि प्रत्येक पुलाला स्वतःची "मॅक्स चिल्ड्रन" मर्यादा असते. वर्डप्रेसची एक प्रोसेस साधारण ४० ते ८० एमबी घेते. हिशेब करून बघा: २ जीबी मशीन, त्यातून सिस्टिम, वेब सर्व्हर, पॅनेल आणि डेटाबेस मिळून १ जीबी गेलं, उरलेल्या १ जीबीत ६० एमबीच्या जेमतेम १६ प्रोसेस बसतात. चार डोमेन असतील तर प्रत्येकाला ४. पॅनेलने प्रत्येकी ८ दिलेल्या असतील तर गर्दीच्या वेळी ३२ होतील आणि मशीन बसेल. हा आकडा कमी करा आणि प्रोसेस मॅनेजर "ऑनडिमांड" वर ठेवा.

"फ्री" कमांडच्या उत्तरात "फ्री" हा रकाना बघून घाबरू नका. लिनक्स मोकळी मेमरी कॅशसाठी वापरून टाकतं. "अव्हेलेबल" हा रकाना खरा. एसएसडी असेल तर २ जीबीची स्वॅप फाईल करून ठेवा, अचानक येणारा भार तेवढ्यात निभावतो. एसडी कार्डवर स्वॅपही नको आणि डेटाबेसही नको. सततच्या लिखाणाने कार्ड मरतं, आणि मरण्याआधी बराच काळ चुकीचा डेटा देत राहतं, ते जास्त वाईट. रास्पबेरी पायवर साइट चालवायची तर यूएसबीवर एसएसडी लावूनच.

मग पॅनेल कोणतं

आधी एक प्रश्न: पॅनेल हवंच आहे का? एकच साइट किंवा दोन-तीन अ‍ॅप असतील तर कॅडी हा वेब सर्व्हर दोन-चार ओळींच्या फाईलवर चालतो आणि सर्टिफिकेट स्वतः आणतो. मशीनची तब्येत बघायला, अपडेट टाकायला आणि लॉग वाचायला कॉकपिट पुरतं. ते सॉकेटवर सुरू होतं, म्हणजे पान उघडलं नसेल तेव्हा मेमरी जवळजवळ घेत नाही. पण कॉकपिट हे होस्टिंग पॅनेल नाही. डोमेन, पीएचपीच्या आवृत्त्या, डेटाबेसचे यूजर हे त्यात मिळणार नाही.

पीएचपी साइट अनेक असतील आणि मेल घरून चालवायचा नसेल तर क्लाउडपॅनेल बघा. त्यात मेल सर्व्हर नाही, डीएनएस सर्व्हर नाही, म्हणजे घरी जे नको तेच नाही. त्याला किमान २ जीबी रॅम लागते आणि ते डेबियन व उबुंटूवर चालतं, एआरएम६४ सकट. अडचण एकच आणि ती मोठी: ते फक्त एनजिनएक्स वापरतं, त्यामुळे अपाचेची फोल्डरनिहाय नियमांची एचटीअ‍ॅक्सेस फाईल चालत नाही. जुन्या साइटमध्ये रीडायरेक्ट किंवा पासवर्डची कुलपं त्या फाईलमध्ये असतील तर ती मुकाट्याने निकामी होतात, आणि जे फोल्डर बंद होतं ते उघडं पडतं. साइट हलवण्याआधी प्रत्येक एचटीअ‍ॅक्सेस फाईल उघडून बघा. पॅनेल टाकल्यावर लगेच अ‍ॅडमिन खातं तयार करा. पहिलं पान उघडून जो खातं बनवेल तोच मालक होतो.

एचटीअ‍ॅक्सेस लागत असेल तर हेस्टिया. त्यात पुढे एनजिनएक्स आणि मागे अपाचे असं जोडून मिळतं. टाकताना इन्स्टॉलरच्या पर्यायांत एक्झिम, डव्हकॉट, क्लॅमएव्ही, स्पॅमअसॅसिन आणि नेम्ड (डीएनएस सर्व्हर) हे पाचही "नो" करा. डीफॉल्ट तसेच ठेवले तर मेलचं आख्खं दुकान मशीनवर येतं आणि वर सांगितलेली मेमरीची रडकथा सुरू होते. पॅनेलच्या अ‍ॅडमिनचं नाव मशीनवर यूजर किंवा ग्रुप म्हणून आधीच असेल तर इन्स्टॉलर अडतो. अशा वेळी जबरदस्तीचा पर्याय देण्यापेक्षा तो यूजर कोणाचा आहे ते आधी बघा.

स्वतः कॉन्फिग फाईलमध्ये हात घालायची सवय असणाऱ्यांना व्हर्च्युअलमिन मानवतं. ते वेबमिनवर बसतं, आणि वेबमिन १९९७ पासून एकच पद्धत पाळत आलं आहे: सिस्टिमच्याच फाईली जागच्या जागी वाचायच्या आणि बदलायच्या. तुम्ही हाताने टाकलेली ओळ पुढच्या वेळी तशीच राहते. आयएसपीकॉन्फिग आणि हेस्टिया यांचं तसं नाही. ती आपल्या नोंदींवरून फाईल नव्याने लिहितात, आणि "केलेले बदल आपोआप जातात" ही तक्रार तिथूनच येते. हेस्टियात यावर सोय आहे: डोमेनच्या कॉन्फ फोल्डरमध्ये ज्या फाईलचं नाव "एनजिनएक्स डॉट एसएसएल डॉट कॉन्फ" आणि पुढे अंडरस्कोर असं सुरू होतं ती आपोआप जोडली जाते आणि पुसली जात नाही. मोठा बदल असेल तर टेम्प्लेटची प्रत वेगळ्या नावाने करा. मूळ टेम्प्लेट बदललात तर पुढच्या अपडेटला तो बदल जाईल.

सायबरपॅनेल ओपनलाइटस्पीडवर चालतं आणि वर्डप्रेससाठी वेगवान आहे. एचटीअ‍ॅक्सेसमधले रीराइटचे नियम त्याला कळतात, बाकीच्या ओळी नाहीत, आणि नियम बदलल्यावर वेब सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. "नियम लिहिला पण चालत नाही" याचं उत्तर बहुधा एवढंच असतं. एएपॅनेल सगळं आपल्या वेगळ्या फोल्डरखाली मांडतं. पोर्ट आणि प्रवेशाचा मार्ग इन्स्टॉलच्या वेळी यादृच्छिक ठरवतं. मार्ग विसरला की पॅनेल बंद पडल्यासारखं वाटतं. टर्मिनलवर "बीटी डीफॉल्ट" चालवा, पत्ता पुन्हा दिसेल.

सीपॅनेल घरासाठी घेऊ नये, आणि कारण फक्त दरमहाचे पैसे नाहीत. त्याचं लायसन्स सार्वजनिक आयपीवरून तपासलं जातं. घरचा आयपी बदलला की लायसन्स अमान्य.

पीएचपी नव्हेच, सगळं डॉकरमध्ये चालवायचं असेल तर पोर्टेनर, कूलिफाय, कॅपरोव्हर हा वेगळा गट आहे. त्यांची आणि वरच्या होस्टिंग पॅनेलांची एकाच मशीनवर सरमिसळ करू नका. दोघांनाही ८० आणि ४४३ हवे असतात. आणि एक धोका नीट समजून घ्या: डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलला जुमानत नाही, कारण डॉकर आपले नियम आयपीटेबल्समध्ये यूएफडब्ल्यूच्या आधी लागू होतील असे टाकतो. यूएफडब्ल्यू "बंद" दाखवत असतानाही तो पोर्ट उघडा असू शकतो. जो पोर्ट फक्त मशीनपुरता हवा तो कंपोझ फाईलमध्ये १२७.०.०.१ ला बांधा. पोर्टेनर टाकल्यावर ५ मिनिटांत अ‍ॅडमिन तयार केला नाही तर ते स्वतःला बंद करतं. तो बिघाड नाही; कंटेनर रीस्टार्ट करून लगेच खातं बनवा.

टाकताना होणाऱ्या चुका

ऑपरेटिंग सिस्टिम पॅनेलच्या यादीत असलेलीच घ्या, सगळ्यात ताजी नव्हे. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, पण डिस्ट्रिब्युशन आलं म्हणून पॅनेलचा आधार त्याच दिवशी येत नाही. उलट्या टोकाला, जुन्या लेखांत सुचवलेलं सेंटओएस ७ तर ३० जून २०२४ ला संपलं. त्यावर आता काहीही चढवू नका. डेस्कटॉप नको, आधीचं अपाचे नको, किमान इन्स्टॉल हवं.

होस्टनेम पूर्ण द्या आणि ते साइटच्या डोमेनपेक्षा वेगळं ठेवा. उदाहरणार्थ डोमेनच्या आधी "पॅनेल" किंवा "एसआरव्ही" लावलेलं नाव. होस्टनेम म्हणून थेट मुख्य डोमेन दिलं की पॅनेल स्वतःसाठी त्या नावाची साइट बनवतं, मग तुमची साइट जोडताना "डोमेन आधीच आहे" म्हणतं, किंवा साइटच्या जागी पॅनेलचं पान दिसतं.

शक्य असेल तर मशीनवर प्रॉक्समॉक्ससारखं काही टाकून पॅनेल व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा. कोऱ्या सिस्टिमचा एक स्नॅपशॉट (मागे फिरता येईल अशी प्रत) घ्या, पॅनेलनंतर एक. एलएक्ससी कंटेनर हलका असतो, पण डिस्क कोटा आणि फायरवॉलचे काही भाग त्यात अडतात. होस्टिंग पॅनेलला पूर्ण व्हीएमच द्या.

पॅनेलचा दरवाजा

पॅनेलचा पोर्ट राउटरमध्ये फॉरवर्ड करू नका. ८० आणि ४४३ एवढेच बाहेर. पॅनेल रूट म्हणून काम करतं, आणि त्यात भोक सापडलं की सगळं मशीन गेलं. हे नुसतं घाबरवणं नाही. २०१८ मध्ये व्हेस्टा या पॅनेलच्या सर्व्हरांवर हल्ले झाले, २०१९ मध्ये वेबमिनच्या अधिकृत पॅकेजमध्येच कोणीतरी घुसवलेला मागचा दरवाजा सापडला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलमधल्या लॉगिनशिवाय चालणाऱ्या त्रुटीतून हजारो मशीनवर रॅन्समवेअर पसरलं. पॅनेलचा पोर्ट इंटरनेटला दिसत नसेल तर बाहेरच्या हल्लेखोराला अशा भोकापर्यंत पोचणं फार अवघड जातं. बाहेरून पॅनेल उघडायचं असेल तर वायरगार्डचा एकच यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, उघडा आणि त्यातून आत या.

मेलबद्दल थोडक्यात. घरच्या आयपीवरून पाठवलेला मेल सहसा पोचत नाही. बाहेर जाणारा पोर्ट २५ बऱ्याच कंपन्या बंद ठेवतात, उलटा डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या नावावर नसतो आणि घरगुती आयपीचे पट्टे स्पॅमहाउसच्या पीबीएलसारख्या, थेट मेल न स्वीकारण्यासाठीच्या यादीत आधीच असतात. पॅनेल बदलून यात काही फरक पडत नाही. साइटचे फॉर्म आणि पासवर्डचे मेल ५८७ वरून एखाद्या एसएमटीपी रिले सेवेमार्फत पाठवा.

पॅनेल खरंच बदलायचं असेल तर

जुनं पॅनेल अनइन्स्टॉल करून त्याच जागी नवीन टाकू नका. उरलेल्या फाईली, यूजर आणि क्रॉन पुढे महिनोन् महिने त्रास देतात. नवीन व्हीएम घ्या. पॅनेलचा स्वतःचा बॅकअप दुसऱ्या पॅनेलमध्ये सहसा उघडत नाही, म्हणून डेटाबेस मायएसक्यूएलडंपने "सिंगल ट्रान्झॅक्शन" पर्यायासह वेगळा काढा आणि साइटचं फोल्डर आरसिंकने न्या. फाईलींचे मालक नव्या पॅनेलच्या यूजरप्रमाणे बदला, नाहीतर वर्डप्रेस अपडेट करताना एफटीपीचा पासवर्ड मागत बसेल. जुन्या मशीनवरचे बॅकअप त्याच डिस्कवर साठत असतील तर डिस्क किती भरली तेही बघा. १०० टक्के भरलेल्या डिस्कवर मारियाडीबी अडकतं आणि डंप अर्धवट निघतो. डंपच्या शेवटी "डंप कम्प्लीटेड" अशी ओळ आहे का ते तपासा.

नव्या मशीनवरची साइट आधी स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाईलमधून नवा आतला आयपी देऊन बघा: लॉगिन, फोटो अपलोड, फॉर्म. ठीक असेल तर राउटरमध्ये ८० आणि ४४३ चं फॉरवर्डिंग नव्या आतल्या आयपीकडे वळवा. सार्वजनिक आयपी तोच असल्यामुळे डीएनएसला हात लावायची गरज नाही, आणि काही बिघडलं तर फॉरवर्डिंग उलट फिरवलं की मिनिटभरात जुनं मशीन पुन्हा पुढे येतं. फॉरवर्डिंग वळवल्यावरच नव्या पॅनेलमधून सर्टिफिकेट मागा; त्याआधी पडताळणी जुन्या मशीनकडेच जाईल. जुनं व्हीएम बंद करून ठेवा, पण नव्या मशीनवर सर्टिफिकेटचं पहिलं आपोआप रिन्यूअल होईपर्यंत पुसू नका.